बिऱ्हाडासह शर्यतीला

नेरळच्या रहिवाशाचा मोटार या वाहनाशी असलेला संबंध पहिल्यापासूनच काहीसा अवघडलेला आहे. ज्या डोंगराच्या पायथ्याशी आम्ही राहतो त्याच्या माथ्यावर, माथेरानला, मोटारीला मज्जाव आहे. मुंबईहून कितीही दिमाखाने आलेली आणि कितीही लाखांची मोटार असो, दस्तुरी नाक्यावर तिला मुकाट्याने उभे राहावे लागते, आणि तिच्या धन्याला घोड्यावर बसून, ई-रिक्षातून किंवा सरळ स्वतःच्या दोन पायांनी पुढची वाट धरावी लागते. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब चौक गावाकडून हा डोंगर चढून गेले तेव्हा मोटार जन्माला यायची होती. १९०७ साली पीरभॉय शेटजींची गाडी नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांवरून वर गेली तेव्हा मोटार जन्मली होती, पण तिला कोणी विचारले नाही. आणि पुढे सगळा मुलूख तिने पादाक्रांत केला तरी माथेरानने तिला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. आमच्या त्या छोट्या गाडीला विसाएक किलोमीटर चढून जायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तीत बसलेला मनुष्य उशीर झाला म्हणून तक्रार न करता प्रवास लवकर संपला म्हणून हळहळतो. अशा गावात ज्याची हयात गेली, आणि त्यातही कर्जतच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून ज्याने उभ्या नोकरीत कोणतेही प्रकरण घाईने निकालात काढल्याचा ठपका स्वतःवर येऊ दिला नाही, अशा मनुष्याला त्याच्या सख्ख्या पुतण्याने मोटारींची शर्यत पाहण्यासाठी न्यावे, आणि तेही खोलीएवढी मोटार भाड्याने घेऊन न्यावे, यामागे काकांविषयीचा आदर कितपत होता आणि भाड्यात एक वाटेकरी वाढावा हा हेतू कितपत होता, याचा निवाडा मी अद्याप राखून ठेवला आहे.

आमच्या कर्जत-खालापूर तालुक्यांत शर्यत म्हटली की ती बैलगाड्यांची, आणि ती पाहायला जाण्याची एक रीत ठरलेली आहे. या शर्यतीने न्यायालयाच्या पायऱ्याही पुष्कळ झिजवल्या: सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तिच्यावर बंदी आणली, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, या अवधीत अंतरिम हुकूम, घटनापीठ आणि कायद्यातील दुरुस्त्या यांविषयीचे जे ज्ञान आमच्याकडील पारांवर जमा झाले, त्याचा एखाद्या विधि महाविद्यालयालाही हेवा वाटावा. पण प्रत्यक्ष शर्यत पाहाल तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती संपते. छकडे सुटले, धूळ उडाली, आरोळी उठली आणि निकाल लागला. एवढ्यासाठी माणसे टेम्पोत बैल, वैरण, घोंगड्या, जेवणाची भांडी आणि एखादा जाणता म्हातारा घालून आदल्या संध्याकाळीच निघतात, माळावरच्या झाडाखाली मुक्काम ठोकतात, मागील सालच्या शर्यतींचे फेरनिकाल रात्रभर लावीत बसतात, आणि दुसऱ्या दिवशी आपला बैल पहिला आला काय किंवा मध्येच वळून प्रेक्षकांत शिरला काय, सारख्याच तृप्तीने घरी परततात. शर्यत हे निमित्त आणि मुक्काम हे कार्य, हे त्या रीतीतले मर्म. आणि ते साहेबाच्या देशातही तंतोतंत तसेच आहे, हे मला पुतण्याच्या तोंडून कळले.

पुतण्या काही वर्षे इंग्लंडात नोकरीला होता. तेथे सिल्व्हरस्टोन नावाच्या गावी फॉर्म्युला वनची शर्यत होते, आणि आपल्या कचेरीतील सोबत्यांसह बिछाने, शेगडी आणि मोरी यांनी युक्त अशी मोटार भाड्याने घेऊन तो तेथे मुक्कामाला जात असे. ते मैदान म्हणजे मूळचा दुसऱ्या महायुद्धातील, १९४३ सालचा, बॉम्बफेकी विमानांचा तळ. युद्ध संपले, विमाने गेली आणि धावपट्ट्या उरल्या, तेव्हा १९४७ साली काही हौशी मंडळींनी कोणाचीही लेखी परवानगी न काढता तेथे आपल्या मोटारी पळवल्या. त्या धांदलीत एक मेंढी मोटारीखाली येऊन गतप्राण झाली, आणि ती शर्यत ‘मटन ग्रां प्री’ या नावाने इतिहासात दाखल झाली. पुढच्याच साली तेथे रीतसर शर्यत झाली, आणि १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपदाची अगदी पहिली शर्यत त्याच मैदानावर खुद्द सहाव्या जॉर्ज बादशहांच्या उपस्थितीत पार पडली. मेंढीपासून बादशहापर्यंतचा हा पल्ला तीन वर्षांच्या आत गाठला गेला. आमच्याकडे तेवढ्या अवधीत वारसाच्या फेरफाराची नोंदही मंजूर होत नसे, हे मी अधिकाराने सांगू शकतो.

आज त्या मार्गाची लांबी ५.८९१ किलोमीटर असून त्याला ५२ प्रदक्षिणा घालाव्या लागतात. आणि २०२३ साली शर्यतीच्या चार दिवसांत मिळून ४,८०,००० माणसे तेथे लोटली. यांपैकी पुष्कळशी आसपासच्या शेतांत तंबू ठोकून किंवा असल्या मोटारी उभ्या करून राहतात. पुतण्या सांगतो की, प्रत्यक्ष शर्यत रविवारी दोन तासांच्या आत आटोपते, परंतु माणसे गुरुवारपासून खुर्च्या मांडून बसलेली असतात. शेजारच्या बिऱ्हाडाशी ओळख होते, मिठाची देवघेव होते, आणि शर्यतीत कोण जिंकले हे ठाऊक नसलेले गृहस्थही पुढच्या वर्षाची जागा आरक्षित करूनच निघतात. २०१२ साली पावसाने ती शेते इतकी चिखलाने भरली की, वाहनतळाची आगाऊ तिकिटे घेतलेल्या लोकांना व्यवस्थापकांनी शनिवारी कृपा करून घरीच राहा अशी विनंती केली. हा वृत्तान्त पुतण्याने मोठ्या गांभीर्याने सांगितला. परंतु २००५ च्या जुलैत ज्या पावसाने आमच्या छोट्या गाडीचा मार्ग डोंगरावरून ठिकठिकाणी धुऊन नेला आणि ती पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडावे लागले, तो पाऊस नेरळात उभे राहून पाहिलेल्या मनुष्याला शनिवारपुरत्या चिखलाचे काय सांगावे!

निकामी धावपट्ट्या आणि मोटारशर्यती यांचे पूर्वजन्मीचे काही नाते असावे. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातील धावपट्टीवरच वर्षानुवर्षे शर्यती झाल्या. आणि आमच्या घाटमाथ्यावर, लोणावळ्याच्या पलीकडे ॲम्बी व्हॅलीत, जी धावपट्टी धनिकांची खासगी विमाने उतरावीत म्हणून बांधलेली आहे, तिच्यावर ‘व्हॅली रन’ या नावाने मोटारी आणि मोटारसायकली पळवण्याचा उपक्रम होत आला आहे. येथे वळणे नाहीत की प्रदक्षिणा नाहीत. दोन वाहने शेजारी शेजारी उभी करायची आणि दिवा हिरवा होताच सरळ रेषेत सोडायची, एवढाच मामला. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, हे अशा शर्यतीचे जगन्मान्य अंतर. नेरळ स्थानकातील फलाट क्रमांक एकच्या या टोकावरून त्या टोकाला लोकल पकडण्यासाठी धावणारा मनुष्यही काही कमी निकराने पळत नाही, आणि त्याला कोणी चषक देत नाही.

पुतण्याने ठरवले की ही शर्यत पाहायची, आणि ती सिल्व्हरस्टोनच्या शिरस्त्याने पाहायची. मुंबईतील एका व्यावसायिकाकडून त्याने मोटार मुक्रर केली आणि करारनामा वाचण्यासाठी माझ्याकडे धाडला. तो करारनामा छापील असून त्यात कलमे भरपूर होती. सेवानिवृत्तीनंतर इतके कसदार वाचन माझ्या हाती आले नव्हते. प्रथम वस्तूंची यादी होती: निजण्याच्या फळ्या, गाद्या, विजेची शेगडी, लहान फ्रीज, ताटल्या सहा, चमचे सहा. मोटार दारात आल्यावर मी चमचे मोजून घेतले, त्यांतील एक मूळचाच वाकडा आहे असा शेरा समासात लिहिला आणि त्याखाली चालकाची सही घेतली; पुतण्याने कपाळावर हात मारला, पण परतीच्या वेळी त्याच चमच्यावरून जो वाद उपस्थित झाला असता तो या एका शेऱ्याने जागच्या जागी निकालात निघाला, हे येथे नमूद करणे इष्ट आहे. त्यापुढे अनामत रक्कम, चालकाचा दैनिक बाटा, रात्रीचा वेगळा आकार, टोल, आणि गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून गॅरेजमध्ये परत पोचेपर्यंतचा हिशेब. खरी कमाल पुढच्या कलमात होती. त्याचा आशय असा की, वाहन कोठेही उभे राहिले तरी ते प्रतिदिनी किमान २५० किलोमीटर धावले असे समजून आकारणी करण्यात येईल. शर्यतीच्या दिवशी आम्ही मोटार जागची हलवणार नव्हतो. म्हणजे ज्या दिवशी मोठमोठ्या शहरांतून आलेली बलाढ्य यंत्रे जिवाच्या आकांताने ४०२ मीटर पळणार होती, त्याच दिवशी आमचे बिऱ्हाड चाकांना दगड लावून, पडदे ओढून आणि आत चहा उकळत ठेवून २५० किलोमीटर पळणार होते. शर्यतीचा निकाल माझ्या मते त्या कलमातच लागला होता.

मोटार नेरळात शिरली ती दुपारच्या वेळी. बाजारातील एका अभिनंदनाच्या कमानीखाली तिची उंची आणि एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकाची उंची यांत काही मतभेद झाले, ते फलकाने माघार घेऊन मिटवले. आमच्या आळीत ती उभी राहते न राहते तोच तिच्याभोवती माणसे जमली. याचे कारण सांगितले पाहिजे. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली आमच्या शेजारी, खालापूर तालुक्यात चौकजवळ, एन. डी. स्टुडिओ उभारला, तेव्हापासून काळ्या काचांची, पडदे ओढलेली आणि छपरावर यंत्र बसवलेली लांबलचक मोटार दिसली की आत नट किंवा नटी असावयाचीच, अशी या भागातील लोकांची समजूत आहे.

“काका, शूटिंग कुठं आहे?” दूधवाल्याने विचारले.

“शूटिंग नाही. आमचा पुतण्या आला आहे.”

“तो सिनेमात असतो?”

“बँकेत असतो.”

यावर दूधवाला क्षणभर थांबला आणि मग समजूतदारपणे म्हणाला, “सांगू नका म्हणून सांगितलं असंल.” गर्दी वाढली. दोघा मुलांनी वह्या आणल्या. तेवढ्यात मोटारीचे दार आपोआप सरकले, पायरी खाली आली, आणि आतली व्यवस्था पाहायला गेलेली आमची मंडळी हातात लोणच्याची बरणी घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, त्या पायरीवर प्रकट झाली. सर्वत्र शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून एक वयोवृद्ध आवाज म्हणाला, “आईचा रोल दिसतोय.”

गर्दी पांगली तरी माझ्या मनातील एक प्रश्न पांगला नाही. महसूल खात्यात ज्याची उमर गेली त्याला प्रत्येक वस्तू कोणत्या सदरी नोंदवायची हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. ही वस्तू घर की वाहन? वाहन म्हणावे तर तिच्यात फोडणी घालता येते. घर म्हणावे तर घाट चढताना ते तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात टाकावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण काढले, आणि अशा मोटारींनी मुक्कामाला थांबण्यासाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले कॅरॅव्हॅन पार्क असावेत असे त्यात योजले. तरी माझा प्रश्न त्यानेही सुटला नाही. उलट न्यायनिवाड्यांकडे पाहावे तर घोटाळा वाढतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला, म्हणजे उत्कंठेच्या बाजूने सरकारी निविदेइतकाही मसाला त्यात उरला नव्हता. आणि पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, शर्यतीचे व्यापारी हक्क असलेल्या परदेशी कंपनीचे आयकराच्या दृष्टीने तेथे कायम आस्थापन होते. वर्षाकाठी तीन दिवस येऊन जाणारी मंडळी जर कायम ठरतात, तर माळावर रात्रीपुरते उतरलेल्या आमच्या बिऱ्हाडाला स्थानिक घरपट्टी का लागू नये, अशी शंका मी जेवताना उपस्थित केली. पुतण्या हळूच म्हणाला, “काका, हे मुक्कामाच्या गावी बोलू नका.”

सिल्व्हरस्टोनला जाणारे साहेब लोक बरोबर काय नेतात ते मला ठाऊक नाही. आमच्या मंडळींनी मिक्सर, गोडा मसाला, दोन प्रकारचे पोहे, घरचे गाळलेले पाणी, पोळपाट, आणि एकट्याला घरी कसे ठेवायचे म्हणून देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घेतला. सूनबाईंनी त्यात थालीपिठाची भाजणी घातली. पुतण्या दारात उभा राहून “अहो, आत सगळं आहे,” असे पुनःपुन्हा सांगत होता, आणि दोघीही “असू दे” या दोन शब्दांत त्याचा प्रत्येक अर्ज फेटाळीत होत्या. घराबाहेर पडण्याचा मुख्य लाभ घर मागे राहते हा असतो, असे मला आजवर वाटत आले होते.

वाटेत कर्जतला वडे घेणे क्रमप्राप्तच होते. मोटारीत शेगडी असताना बाहेरचे कशाला, हा पुतण्याचा मुद्दा कोणी विचारातही घेतला नाही. पळसदरीवरून खोपोली गाठून आम्ही जुन्या महामार्गाने बोरघाटाला लागलो. तेथे शिंग्रोब्याच्या देवळाशी आमच्या चालकाने वेग कमी करून एक नाणे टाकले. घाटातून वाट कशी जाईल हे ज्या धनगराने इंग्रजांना दाखवले आणि बक्षिसाऐवजी ज्याच्या वाट्याला गोळी आली असे परंपरा सांगते, त्याचे ते ठिकाण, आणि घाट चढणारा कोणताही जुना चालक तेथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. वेग कमी करून, असे मी लिहिले खरे. परंतु कमी करण्याइतका वेग आम्हाला होता की काय याविषयी पुरावा नाही. सिमेंटने भरलेले ट्रक आम्हाला मागे टाकीत होते. एका ट्रकच्या क्लीनरने बाजूने जाताना आमच्या खिडकीतून आत पाहिले, आमच्या मंडळींच्या हातातील वडा पाहिला आणि सहानुभूतीने मान हलवली. प्रत्येक वळणावर आतले एकेक कपाट आपले दार उघडून आपल्याजवळील चीजवस्तू सादर करीत होते. अमृतांजन पूल जेथे होता त्या जागेपर्यंत पोचेतो गोड्या मसाल्याचा डबा संपूर्ण रिता झाला होता, आणि पुढचा सर्व प्रवास त्या दरवळात झाला. वेगाचा सोहळा पाहायला निघालेली आमची मोटार त्या दिवशी त्या घाटातील सर्वांत संथ वस्तू होती, आणि तिच्यामागे साचलेल्या रांगेतून येणारे कर्ण्यांचे स्वर ऐकताना मला आमच्या छोट्या गाडीची फार आठवण झाली. तिच्यामागून कोणी कधी भोंगा वाजवीत नाही.

मुक्काम लोणावळ्यापुढच्या एका शेतकऱ्याच्या पडीक रानात ठरला होता. मोटार समपातळीत उभी राहिली पाहिजे, नाहीतर फ्रीज नीट चालत नाही, म्हणून चालकाने चाकांखाली फळ्या सरकवल्या, वाटीत पाणी घेऊन ओट्यावर ठेवले आणि ते कोणत्या बाजूला कलते ते पाहत अर्धा तास घालवला. मग शेतकऱ्याच्या घरातून लांब वायर ओढून वीज घेतली. शेगडी लावताच त्याच्या घरातले दिवे गेले. दिवे आले तेव्हा आमची शेगडी गेली. दोन-तीन वेळा असा विचारविनिमय झाल्यावर शेतकऱ्याच्या घरधनीण स्वतः आल्या आणि म्हणाल्या, “ताई, आमच्या चुलीवरच करू की पिठलं-भाकरी.” मिक्सर, पोळपाट आणि भाजणी यांना नेरळहून घाटमाथा पाहण्याचे पुण्य लागले, याहून अधिक काम त्यांनी केले नाही.

शौचकूपाविषयी चार शब्द लिहिणे सभ्यतेला धरून असेल तर लिहितो. मोटारीत ते होते, झकपक होते, आणि त्याच्या दारावर वापराविषयीच्या सूचना चिकटवलेल्या होत्या: अमुक द्रव इतका ओतावा, अमुक कागद टाकू नये, तमुक झडप आधी ओढावी, टाकी भरल्यास लाल दिवा लागेल, आणि टाकी रिकामी न करता वाहन परत केल्यास दंड आकारण्यात येईल. त्या सूचना सर्वांनी एकेकदा वाचल्या आणि त्यानंतर कोणाचाच धीर झाला नाही. शेतकऱ्याच्या घरामागे सरकारी अनुदानातून बांधलेले साधे शौचालय होते. त्याच्या दारावर काहीच लिहिलेले नव्हते. आमच्या झकपक खोलीत अखेर कांद्याची पिशवी आणि ओले टॉवेल ठेवण्यात आले.

रात्र झाली तेव्हा निजण्याचा प्रश्न निघाला. करारनाम्यात सर्व काही होते; चालकाने कोठे निजावे हे नव्हते. चालकाला आम्ही मामा म्हणत होतो; ते साताऱ्याकडचे, वयाने पोक्त आणि बोलण्यास मोजके. त्यांना बाहेर खाटेवर निजण्याचे सुचवताच त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “माझं काय, मी कुठंबी पडंन. पण झोप झाली नाही तर परत घाट उतरायचा आहे, एवढं ध्यानात असू द्या.” घाट या शब्दाचा आमच्या मंडळींवर तत्काळ परिणाम झाला. मामांना आतली मोठी फळी देण्यात आली. त्यांना एसी लागत होता, आणि एसी लावला की दार लावून घ्यावे लागे. दार लावले की धाकट्या नातवाला आत गुदमरल्यासारखे होई. तो बाहेर आला की त्याची आई बाहेर येई. आणि कोणी बाहेर आहे म्हटल्यावर आमच्या मंडळींना आत चैन पडेना. अशा रीतीने एकेक सभासद सतरंजी घेऊन बाहेर आला, आणि जिच्यासाठी इतकी अनामत भरली त्या मोटारीत फक्त मामा आणि ओट्यावरचा बाळकृष्ण हे दोघेच सुखाने निद्राधीन झाले. बाहेर आम्ही शेतकऱ्याच्या कुटुंबासह बसलो होतो. थंडी ओसरत आली होती. त्या गृहस्थाच्या वडिलांनी बैलगाड्यांच्या एका जुन्या शर्यतीची हकिकत काढली. तिच्या निकालाबाबत त्यांना आजही शंका होती, आणि पुराव्याची छाननी करता मलाही ती रास्त वाटली. मध्यरात्रीपर्यंत आम्ही तो निकाल फिरवला.

दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती स्वतःच फार वेळ चालत नाही. वाहन प्रथम जागच्या जागी चाके गरगरा फिरवून धूर काढते. टायर तापून रस्त्याला चिकटावा हा त्यामागील शास्त्रार्थ. मग ते इंच इंच पुढे सरकून आपल्या रेषेवर येते, तेथे खांबावर पिवळे दिवे लागतात, हिरवा लागतो, आणि हिरव्याआधी जो निघेल त्याला लाल दिवा लागून तो बाद होतो. वेळेआधी हजर झालेल्याला शिक्षा करणारी ही व्यवस्था पाहून मला माझ्या खात्याविषयी नव्याने आदर वाटला. त्यानंतर एक प्रचंड आवाज होतो. तो कानांतून शिरून छातीत उतरतो, आणि मान वळवून पाहावे तो वाहन क्षितिजाकडे गेलेले असते. उत्तम मोटारसायकलीला या सगळ्याला दहा सेकंदांच्या आसपास पुरतात. पुतण्या आनंदाने थरथरत होता. आमच्या मंडळींनी पुढच्या जोडीची वाट पाहिली, तीही गेल्यावर चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “एवढ्यात तर माझी मोहरीसुद्धा तडतडत नाही.”

पण दोन जोड्यांच्या मधला जो काळ असतो, तो मला विशेष भावला. कोणी टायरची हवा मोजीत असतो, कोणी बॉनेटमध्ये डोके घालून बसलेला असतो, कोणाच्या कागदात काही न्यून निघालेले असते आणि तो शिक्का मिळवण्यासाठी धावत असतो. प्रेक्षक उन्हात माना ताणून उभे असतात, आणि ध्वनिक्षेपकावरून थोडा वेळ थांबण्याची विनंती होत राहते. ज्या गृहस्थाला वेगाचे वेड आहे त्याला आयुष्याचा इतका मोठा भाग वाट पाहण्यात घालवावा लागतो, हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. या मधल्या काळात आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने, आम्ही मोटारीत मुक्काम करून आलो आहोत हे ऐकताच, शर्यतीकडे पाठ फिरवून आत फ्रीज केवढा आहे, पाणी किती दिवस पुरते आणि भाडे काय पडते याची चौकशी सुरू केली; त्याच्या पाठोपाठ आणखी दोघे आले. वेगाच्या त्या उत्सवात, न हलणाऱ्या आमच्या बिऱ्हाडाइतका आस्थेचा विषय मला दुसरा दिसला नाही.

परतताना मोटार हवाली करतेवेळी चालकाने सांडपाण्याच्या टाकीचा विषय काढला. कॅरॅव्हॅन पार्क आमच्या वाटेवर नव्हता, आणि तसल्या टाकीत साचलेले रस्त्याकडेच्या गटारात सोडणे कोणत्याही नियमात बसत नाही. “साहेब, तुम्ही तहसीलात होता, तुम्हीच सांगा कुठं रिकामी करायची,” असे मामा म्हणाले. सुदैवाने टाकीत चहाची भांडी विसळलेले पाणी सोडून काही नव्हते, कारण त्या खोलीत आमचे कांदे होते; दंडाचे कलम आम्हाला लागू झाले नाही, आणि संबंध करारनाम्यात आमच्या बाजूने लागलेले तेवढे एकच कलम. किमान किलोमीटरांची आकारणी मात्र पूर्ण झाली. माझा हिस्सा मी चुकता केला असून पावती फाइलला लावली आहे.

तेव्हा जी मंडळी गावोगावी असे पार्क बांधण्याच्या उद्योगात आहेत त्यांनी फुलझाडे, कारंजी आणि छायाचित्रांसाठीची कमान यांच्या आधी टाकी ओतण्याचे झाकण बसवावे, अशी त्यांना नम्र विनंती आहे. आणि वाचकांपैकी कोणास असा बेत करावयाचा असेल तर त्याने शर्यत कोणतीही निवडावी, मोटार कोणाकडूनही घ्यावी. फक्त सही करण्यापूर्वी चालकाने कोठे निजावे याचे कलम लेखी घालून घ्यावे.